वहिनींची सुरमई आणि ‘फ्री कॅन्सलेशन’

27 डिसेंबर, शनिवार. नाताळची गर्दी. सकाळी दहाला कर्द्याहून वहिनींचा फोन आला. “भाऊजी, सुरमई पाहिजे का? ताजी आहे, कालच हर्णैहून आणली.” मला वाटलं, प्रेमानं विचारतायत. सहज विचारलं, किती आहे? म्हणाल्या, “सहा किलो.”

सहा किलो सुरमई घरात खायला कोणी आणत नाही. मी गाडी काढली आणि गेलो.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. घराच्या मागच्या बाजूला नारळीत तीन खोल्या बांधल्यात, पाहुण्यांसाठी. भाऊ मुंबईला नोकरीला, घरी त्या आणि सासूबाई. स्वयंपाक स्वतः करतात, मदतीला वाडीतली एक बाई. त्या शनिवार-रविवारी ठाण्याहून दहा जणांचा ग्रुप येणार होता. तिन्ही खोल्या, दोन रात्री, खोलीला अडीच हजार. म्हणजे पंधरा हजार, जेवणाचे वेगळे. बुकिंग महिन्यापूर्वीचं, एका ॲपवरून, पैसे आल्यावर द्यायचे.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला त्या ग्रुपनं बुकिंग रद्द केलं. फोन नाही, काही नाही. ॲपवर मेसेज पडला. वहिनी दिवसभर ॲप बघत बसत नाहीत. दुपारनंतर त्या हर्णैला गेल्या, मासे घेतले, येताना चादरी धोब्याकडून आणल्या, नारळ सोलून ठेवले, सोलकढीचं आगळ काढलं, मदतीच्या बाईला दोन दिवसांचा शब्द दिला. रात्री आठला पुतण्या घरी आला, त्यानं फोन बघितला आणि म्हणाला, “काकी, उद्याचे लोक येत नाहीत.”

ॲपचा नियम काय? येण्याच्या 24 तास आधीपर्यंत रद्द केलं तर एक पैसा लागत नाही. चेक-इन शनिवारी दुपारी बाराला. रद्द केलं शुक्रवारी साडेअकराला. साडेचोवीस तास. नियमाप्रमाणे सगळं बरोबर.

मंडळी, मला लिहायचंय ते या ‘नियमाप्रमाणे सगळं बरोबर’बद्दल. कारण दापोली तालुक्यात कर्दे, मुरूड, लाडघर, आंजर्ले, जिथे जावं तिथे आता घरगुती राहण्याची सोय आहे. त्यातले निम्मेअधिक लोक ॲपवर आहेत, आणि आपण कुठल्या अटीवर खोली देतोय हे त्यांतल्या बऱ्याच जणांना माहीतच नाही.

वहिनींना मी विचारलं, ही 24 तासांची अट तुम्ही ठेवली होती का? त्या म्हणाल्या, “मी कशाला ठेवीन? त्या पोरानं फोटो काढले, आधार कार्ड घेतलं, बँकेचं पासबुक घेतलं, आणि म्हणाला झालं काकी, तुम्ही आता ऑनलाइन.” दोन वर्षांपूर्वी ॲपसाठी घरं जोडून देणारा एक मुलगा वाडीत फिरत होता. त्यानंच सगळ्या खुणा केल्या. आम्ही अंगणात बसून त्यांच्या फोनवर ते पान उघडलं. सगळं इंग्रजीत. अटींचे तीन-चार पर्याय असतात, त्यातला पाहुण्याला सगळ्यात सोयीचा आणि घरवाल्याला सगळ्यात महाग पर्याय निवडलेला होता. तो निवडला की यादीत वर दिसता, हिरव्या अक्षरात ‘फ्री कॅन्सलेशन’ लिहून येतं. त्या मुलानं काही वाईट हेतूनं केलं असं मी म्हणत नाही. त्याला घरं जोडायची होती, घर जोडल्याचे पैसे मिळत असतील. पण वहिनींच्या तीन खोल्यांचा सगळा धोका कोणी उचलायचा, हे त्या एका खुणेत ठरलं आणि वहिनींना ते दोन वर्षांनी कळलं.

आता कोणी म्हणेल, पंधरा हजार तर मिळालेच नव्हते, मग गेले कुठून? मासे फ्रीजमध्ये टाका, पुढच्या पाहुण्याला घाला.

मासे टाकता येतात हो. (तेही सहा किलो नाही टाकता येत, घरातल्या फ्रीजमध्ये जागा किती असते?) पण 27 डिसेंबरची रात्र फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. ती गेली की गेली. आणि त्या रात्रीसाठी वहिनींनी महिनाभर किती लोकांना नाही म्हटलं होतं ते विचारा. त्यांची एक वही आहे, गुलाबी पुठ्ठ्याची. त्यात आलेले फोनही लिहितात. 27 तारखेपुढे सात फोनची नोंद होती. कोल्हापूर, सातारा, दोन पुण्याचे, बाकी मुंबईकडचे. सगळ्यांना ‘फुल आहे’ सांगितलं. शुक्रवारी रात्री आठनंतर त्यातल्या चौघांना उलटे फोन लावले. एक जण गुहागरला पोचलासुद्धा होता.

गर्दीच्या तारखा कोकणात मोजक्याच. दिवाळीनंतरचे दहा-बारा दिवस, नाताळ, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिना. बाकी वर्ष शनिवार-रविवारी एखादं कुटुंब आलं तर आलं. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. त्या मोजक्या रात्रींवर कर्जाचा हप्ता, खोल्यांची रंगरंगोटी, छपराची दुरुस्ती, सगळं चालतं. मोठ्या हॉटेलचा हिशेब वेगळा असतो. चाळीस खोल्या असल्या की त्यातल्या चार रद्द होणार हे ते धरूनच चालतात, कधी कधी थोड्या जास्तीच्या खोल्याही विकून ठेवतात. वहिनींच्या तीन खोल्यांतलं एक बुकिंग गेलं की सगळंच गेलं. तरीही ॲपवर दोघांना तीच अट, तेच हिरवं अक्षर.

ग्राहकाची बाजूही लिहितो, कारण मीही ग्राहक आहे.

एकदा आम्ही घरचे सगळे बाहेर फिरायला निघणार होतो. निघायच्या पहाटे वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना दवाखान्यात दाखल केलं आणि तिथूनच मी राहायच्या ठिकाणी फोन केला. सगळे पैसे परत मागितले. त्या माणसानं अर्धे परत केले, वडील कसे आहेत विचारलं आणि गप्प बसला. मला तेव्हा त्याचा राग आला होता. बाप आयसीयूत आणि हा अर्धे पैसे ठेवून घेतो! आज वहिनींच्या अंगणात बसल्यावर कळतं की त्या माणसानं अर्धे परत दिले तेच खूप होतं. माझं दुखणं खरं होतं. पण त्याची खोली त्या दिवशी रिकामी राहिली तेही खरंच होतं, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

खरं दुखणं असलेला माणूस फोन करतो, असा माझा अनुभव आहे. मेसेज टाकून गायब होणारे वेगळे. ते एकाच वेळी तीन ठिकाणी बुकिंग करून ठेवतात. कर्दे, गुहागर आणि गणपतीपुळे. मग आठवडाभर आधी ग्रुपवर मतदान घेतात कुठे जायचं त्याचं. दोन ठिकाणी चूल पेटलेली असते, तिथलं रद्द. मी एकाला विचारलं होतं, असं का करतोस? तो माझ्याच ओळखीतला, पुण्यात चांगल्या पगारावर. म्हणाला, “अरे, फुकट आहे ना, मग ऑप्शन ठेवायला काय जातं?” त्याचं खरंच काही जात नाही.

हाच माणूस तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द करताना एक रुपया परत मिळत नाही म्हणून रेल्वेशी भांडत नाही. विमानाचं स्वस्तातलं तिकीट बुडालं तर गपगुमान सोसतो. लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स परत मिळत नाही हे त्याला माहीत असतं. फक्त कोकणातल्या काकीनं ‘अर्धे ठेवते’ म्हटलं की ती लुटारू होते, आणि रेटिंगचे तारे कमी होतात. ताऱ्यांची भीती ही आणखी एक गोष्ट. पैसे मागायचा हक्क असला तरी घरवाला मागत नाही, कारण एक वाईट शेरा पुढचे सहा महिने वर दिसत राहतो.

आणि उलट झालं तर? घरवाल्यानं रद्द केलं तर? एअरबीएनबीच्या नियमात यजमानानं पक्कं बुकिंग मोडलं तर रकमेच्या 10 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत दंड आहे, जितकं उशिरा मोडाल तितका जास्त. मला तो नियम चुकीचा वाटत नाही. आपल्याकडेही 31 डिसेंबरला जास्त पैसे देणारा मिळाला की आधीच्याला ‘पाण्याची मोटर जळली’ सांगणारे महाभाग आहेत. तीन वर्षांपूर्वी मी त्यावर लिहिलं तेव्हा दोन जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं, अजून सोडलेलंच आहे. पाच तास गाडी चालवून, लहान पोरं घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणाऱ्याला दंड व्हायलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, शब्द मोडायची किंमत एका बाजूला निम्म्यापर्यंत जात असेल तर दुसऱ्या बाजूला ती शून्य कशी?

त्याच कंपनीत यजमानाला निवडायला वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. एका अटीत 24 तास आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत, दुसरीत पाच दिवस आधीपर्यंत, आणखी कडक अटीही आहेत. 1 ऑक्टोबर 2025 पासून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली: बुकिंग केल्यापासून 24 तासांत पाहुण्यानं मन बदललं तर पूर्ण पैसे परत, फक्त मुक्काम किमान सात दिवस पुढे असला पाहिजे. हे मला पटतं. घाईत चुकीची तारीख पडू शकते, घरच्यांना विचारायचं राहू शकतं. पहिल्या दिवशी रद्द झालं तर कोणाची चूल पेटलेली नसते. अडचण शेवटच्या दिवसाची आहे.

पण कडक अट निवडली म्हणजे आपण सुरक्षित, असंही समजू नका. 2020 आठवा. 14 मार्चला एअरबीएनबीनं जाहीर केलं की त्या दिवसापर्यंत केलेली पुढच्या महिन्याभराची बुकिंगं पाहुण्यांनी रद्द केली तर त्यांना पूर्ण पैसे परत. नंतर ही मुदत वाढत गेली. यजमानानं कुठलीही अट ठेवलेली असो, ती बाजूला. लोकांना करोनाच्या तोंडी प्रवास करायला लावू नये हे बरोबरच होतं. पण जगभरच्या घरवाल्यांनी बोंब मारली की आमच्याशी केलेला करार तुम्ही आम्हाला न विचारता मोडला. महिनाअखेरीला कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी यजमानांना पत्र लिहिलं, तुमच्याशी न बोलता हे जाहीर केलं याबद्दल माफी मागितली आणि 25 कोटी डॉलर बाजूला काढले. कसे वाटले? यजमानाला त्याच्या स्वतःच्या अटीप्रमाणे जेवढं मिळालं असतं, त्याच्या 25 टक्के. रुपयाला चार आणे.

ते चार आणे तरी मिळाले, कारण त्या लोकांनी आवाज केला. आपल्या तालुक्यात तेव्हा ॲपवाले थोडे, फोनवरचे जास्त. मार्च-एप्रिल-मेचे ॲडव्हान्स लोकांकडे येऊन पडले होते आणि त्यांतून कोणी बाथरूमला टाइल बसवली होती, कोणी गाद्या घेतल्या होत्या. लॉकडाऊन लागला, परत मागणारे फोन सुरू झाले. बहुतेकांनी हप्त्याहप्त्यानं परत केले. आणि मग 3 जूनला ‘निसर्ग’ आलं. चक्रीवादळ जमिनीवर आलं श्रीवर्धनच्या बाजूला, पण मंडणगड आणि दापोलीची काय दशा झाली ते तुम्ही बघितलंय. सुपारीच्या बागा आडव्या, नारळ मोडलेले, कौलं उडालेली, कित्येक दिवस वीज नाही. त्या दिवसांत मी बातमीसाठी फिरत होतो. आंजर्ल्याच्या बाजूला एक गृहस्थ डोक्यावर प्लास्टिक घेऊन पडवीत बसले होते. कसाबसा नेटवर्कमध्ये आलेला त्यांचा फोन वाजला. समोरचा मुंबईहून एप्रिलचा ॲडव्हान्स परत मागत होता. त्यांनी त्याला घराला छप्पर नाही हे सांगितलंच नाही. “देतो, पंधरा दिवस द्या,” म्हणाले आणि दिले. मी विचारलं, सांगितलं का नाहीत? म्हणाले, “त्याचे पैसे आहेत, त्याला काय करायचं आमच्या छपराशी?”

अशी माणसं असलेल्या धंद्याला ‘नो रिफंड’वाले म्हणून हिणवतात तेव्हा वाईट वाटतं.

आता आमच्या धंद्याबद्दल, म्हणजे पत्रकारांच्या. गेल्या वर्षी मे महिन्यात काय झालं? पाऊस लवकर आला. 20 मेपासूनच धुवाधार, 24 तारखेला मान्सून केरळात, 25 ला देवगडपर्यंत, 26 ला मुंबईत. मेचा शेवटचा आठवडा म्हणजे पाहुण्यांचा शेवटचा मोठा हंगाम, तो सगळा धुऊन निघाला. काही रस्ते बंद झाले, काही ठिकाणी खरंच जाणं धोक्याचं होतं. तिथे पूर्ण पैसे परत हेच बरोबर. पण बाकी ठिकाणी? रस्ता चालू, वीज चालू, खोल्या कोरड्या, आणि तरी पाहुणे टीव्ही बघून घाबरले. टीव्हीवर काय होतं? ‘कोकणात हाहाकार’. रत्नागिरी जिल्हा उत्तरेला बाणकोटपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत पसरलाय, एका घाटात दरड आली म्हणून सगळं कोकण बुडत नाही. पण शीर्षकात ‘कोकणाला झोडपले’ लिहिलं की काम भागतं. मी स्वतः लिहिलंय. त्या आठवड्यात माझ्याच बातमीचं कात्रण एका पाहुण्यानं कर्द्याच्या एका घरवाल्याला पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘प्लीज रिफंड’. त्या घरवाल्यानं ते मला दाखवलं. मी काय बोलणार?

म्हणून हवामानाच्या बाबतीत ‘पाऊस आहे’ एवढ्यावर भागत नाही. प्रशासनानं रस्ता बंद केला, किनाऱ्यावर जायला बंदी घातली, पर्यटकांना येऊ नका सांगितलं, तर पूर्ण परत. नुसती भीती वाटली तर तारीख बदलून घ्या. ही रेघ कुठेतरी लिहून ठेवावी लागेल, नाहीतर प्रत्येक वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

शेजारच्या मंडणगडातलं वेळास बघा. पुढच्या महिन्यापासून तिथे कासवं बघायला लोक येतील. गावातल्या घरांतच राहायचं, घरचंच जेवायचं. ऑलिव्ह रिडलेची अंडी वाळूत साधारण पन्नास-पंचावन्न दिवस राहतात, पिल्लं नेमकी कुठल्या सकाळी बाहेर येतील हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आदल्या दिवशी फोन करून लोक विचारतात, “उद्या पिल्लं आहेत का?” नाही म्हटलं की येत नाहीत. तिथल्या एका ताईनं मला सांगितलं, “आम्ही आधीच सांगून टाकतो दादा, कासव दिसलं नाही तरी भाकरी दिसेल, या.” खोटं आश्वासन द्यायचं नाही आणि कासव न दिसल्याचा भुर्दंड आपण घ्यायचाही नाही. शहाणपणाचं आहे.

कायदा काय म्हणतो, असं बरेच जण विचारतात. ई-कॉमर्सचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यात रद्द करण्याच्या शुल्काबद्दल एक चांगलं तत्त्व आहे: ग्राहकानं पक्का व्यवहार रद्द केला म्हणून कंपनीनं त्याच्याकडून शुल्क घ्यायचं असेल, तर स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर कंपनीनंही तसंच शुल्क सोसलं पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखं. पण हा नियम ग्राहक आणि कंपनीतला. खोली ज्याची, तो त्या वाक्यात नाही. दुसरा आपला जुना करार कायदा, 1872 चा. त्याच्या कलम 74 चा सूर असा की करार मोडल्यावर भरपाई मिळेल ती वाजवी, आणि ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. म्हणजे महिनाभर आधी रद्द करणाऱ्याचेही सगळे पैसे गिळणारा घरवाला पाटीवर काहीही लिहो, त्याची बाजू लंगडी. आणि ऐनवेळी रद्द करून सगळे परत मागणाऱ्याचीही तशीच.

ॲपवाल्यांना कोणी जाब विचारू शकत नाही असंही नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी आणि ओयोला 168.88 कोटींचा दंड ठोठावला, हॉटेलांवर लादलेल्या अटींसारख्या गोष्टींसाठी. त्यात रद्द करण्याचा विषय नव्हता. पण तक्रार कोणी केली होती? हॉटेलवाल्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं. आमच्या वाडीत दहा घरवाले आहेत, दहा तऱ्हा. एकानं अट कडक केली की दुसरा त्याच दिवशी ‘फ्री’ लिहितो. वहिनींकडे पर्यटन संचालनालयाचं न्याहारी-निवासचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे, काचेच्या चौकटीत. ते मिळवताना संडास-बाथरूमपासून कागदपत्रांपर्यंत सगळं विचारलं गेलं. पाहुणा आलाच नाही तर काय, हे कोणी सांगितलं नाही. सरकारनं दर ठरवावेत असं मी म्हणत नाही, त्यातून फक्त एक नवीन टेबल तयार होईल. पण प्रमाणपत्राबरोबर मराठीत एक नमुना अटींचा कागद द्यायला काय हरकत आहे? गावातल्या सगळ्यांची अट एक असेल तर पाहुण्याला इकडून तिकडे पळता येणार नाही आणि घरवाल्यालाही ‘मी एकटाच वाईट’ वाटणार नाही.

तो कागद येईल तेव्हा येईल. त्या शनिवारी आम्ही वहिनींपुरता तयार केला, वहीच्या मागच्या पानावर. पंधरा दिवस आधी रद्द केलं तर सगळे परत. सात दिवस आधीपर्यंत अर्धे. त्यानंतर पैसे परत नाहीत, पण सहा महिन्यांत गर्दीच्या तारखा सोडून कधीही या, तेच पैसे धरू. घरात मृत्यू किंवा दवाखाना असेल तर फोन करा, आपण बोलू. रस्ता प्रशासनानं बंद केला तर पूर्ण परत. आमच्याकडून रद्द झालं तर पूर्ण परत आणि जवळपास दुसरी खोली आम्ही बघून देऊ. जेवणाचा ॲडव्हान्स वेगळा, दोन दिवस आधी, मासे आणायच्या आत. शेवटची ओळ वहिनींनी स्वतः घातली.

सासूबाई पडवीतून ऐकत होत्या. म्हणाल्या, “पाहुण्याकडून न आल्याचे पैसे घ्यायचे? आपल्याकडे कधी असं नव्हतं.” वहिनी म्हणाल्या, “आई, तेव्हा पाहुणा पैसे देऊन येत नव्हता.” मी दोघींच्या मधे पडलो नाही.

मग पुतण्यानं ॲपवरची अट बदलून पाच दिवसांची केली. हिरवं अक्षर तसंच राहिलं, पण यादीत घर खाली गेलं असं तो म्हणतो. खरं-खोटं त्या ॲपला माहीत. सुरमईचं म्हणाल तर दोन किलो मी घेतली, दोन शेजारी गेली, बाकीची त्यांनी घरात आणि मदतीच्या बाईकडे वाटली. बाईचे दोन दिवसांचे पैसे वहिनींनी दिले. तिला बोलावून काम नव्हतं हा तिचा दोष नव्हता, असं म्हणाल्या.

परवा त्याच ठाण्याच्या ग्रुपमधल्या एकाचा वहिनींना फोन आला. या वेळी ॲप नाही, थेट. 24 ते 26 जानेवारी, जोडून सुट्टी, तीन खोल्या आहेत का? डिसेंबरात आमचं जमलं नाही हो, सॉरी. वहिनींनी खोल्या आहेत सांगितलं, अटींच्या कागदाचा फोटो पाठवला आणि अर्धा ॲडव्हान्स मागितला. तो म्हणाला, “ॲपवर तर तुमच्याकडे फ्री कॅन्सलेशन आहे.” वहिनी म्हणाल्या, “होतं. आता पाच दिवस आधीपर्यंतच आहे.” त्यानं विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी वहिनींचा मला फोन. “भाऊजी, जास्त बोलले का मी? तो तारे कमी तर नाही ना देणार?”

हे लिहीपर्यंत त्याचा फोन आलेला नाही. 24 तारखेच्या तिन्ही खोल्या रिकाम्या आहेत.